उजवीकडे गेलेलं शून्य

माझ्या ताईच्या लग्नात अक्षता पडल्या तेव्हा मुलीकडची जेवढी माणसं हजर होती, ती सगळी एका रिक्षात मावली असती. (द्वारका चौकातली शेअर रिक्षा धरली, तर ड्रायव्हरशेजारी अजून एकाला जागा उरली असती!) लॉन्स मोठं होतं, जेवण भरपूर होतं, गुरुजी वेळेवर आले होते. नवरदेवाकडची मंडळी तर इतकी होती, की खुर्च्या कमी पडल्या. नव्हते ते फक्त आमचे लोक. ते का नव्हते, हे त्या मांडवात एकाच माणसाला पुरतं माहीत होतं, आणि तो माणूस ताईच्या मागे, मामांच्या जागेवर, घाम पुसत उभा होता.

म्हणजे मी.

आम्ही मखमलाबादचे. गुलाब, शेवंती, झेंडू लावायचा आणि पहाटे फुलबाजारात न्यायचा, हा बाबांचा धंदा. मी मात्र कॉलेज रोडला एका क्लासमध्ये वेबसाइट बनवायला शिकत होतो. पीएचपी नावाची भाषा असते, तिच्यातलं मला साधारण निम्मं येत होतं. कुठलं निम्मं येत नाही, ते तेव्हा माहीत नव्हतं. ताईचं लग्न ठरलं आणि मी जाहीर केलं, "पत्रिका छापायच्या नाहीत. मी वेबसाइट बनवतो. लिंक पाठवली की काम झालं!"

आई म्हणाली, "अरे, पण देवाला?"

"देवापुरत्या पाच छापू."

"आणि दादाला? देवाच्या पाठोपाठ मामाची पत्रिका असते रे."

दादा म्हणजे आईचे मोठे भाऊ, आमचे देविदासमामा. मालेगावला त्यांचे माग आहेत. त्यांना दोन्ही मुलगेच. त्यामुळे ताई जन्मली त्या दिवशीच दवाखान्यात त्यांनी सांगून टाकलं होतं, की हिला बोहल्यावर मी नेणार. तेव्हापासून दर दिवाळीला, दर भाऊबीजेला तेच. ताई शाळेत नापास होता होता वाचली तेव्हा सगळे तिला बोलत होते, आणि मामा त्यांच्या अहिराणीत म्हणत होते, "राहू द्या, मी नेणार शे ना तिले बोहल्यावर!" (त्याचा आणि गणिताच्या पेपरचा काय संबंध, ते कुणी विचारलं नाही.)

मामांचा स्वतः फोन आला. "भाचा, माले कुंकू लायेल पत्रिका जोयजे. हातमा धराले."

कुंकू लावलेली पत्रिका हातात हवी, एवढंच मागणं. मी काय म्हणावं? "मामा, तुम्हाला तर सगळ्यांत आधी लिंक पाठवतो! पत्रिका कसली घेऊन बसलात?"

मामा म्हणाले, "बरं. तू बनाडेल शे, म्हंजे चांगलंच व्हई." आणि खरंच, लिंक मिळाल्यावर त्यांनी ती आख्ख्या गल्लीला दाखवली. मागावरच्या कारागिरांना, समोरच्या चहावाल्याला, बँकेत, दाढी करताना न्हाव्याला. "मना भाचानी बनाडेल शे!"

तर ती वेबसाइट. पहिल्याच दिवशी बाबांच्या चुलतभावांचा फोन आला.

"काय रे, हे 'आदरणीय टक्के एस, आपण सहकुटुंब यावे' म्हणजे काय? हा एस कोण? आणि टक्के कशाचे?"

झालं असं होतं, की त्या भाषेत जिथे पाहुण्याचं नाव भरायचं असतं तिथे %s अशी खूण करतात आणि मग नाव त्या जागी बसवायचा हुकूम देतात. मी खूण केली होती. हुकूम द्यायचा राहिला होता! गावभर लोकांना टक्क्यांचं आमंत्रण गेलं. एका काकूंचा तर ठाम समज झाला, की हे देण्याघेण्याचं काहीतरी आहे आणि आम्ही ते उघडउघड छापलंय. त्यांना समजावायला आई स्वतः दोन वेळा जाऊन चहा पिऊन आली.

ते सुधारलं, तर नावं भरली गेली, पण लांब नावं कापली जायला लागली. मीच ठरवलं होतं, की नाव ठरावीक जागेत बसलं पाहिजे, म्हणजे कसं नीट दिसेल! यंत्र बिचारं मराठी अक्षर कुठे संपतं हे न बघता सुरी चालवत होतं. पुरुषोत्तमकाका पुरुष झाले आणि त्यांच्यापुढे एक काळा प्रश्नचिन्हाचा चौकोन आला. "पुरुष हाय, हे बरोबर हाय," काका म्हणाले, "पण त्याच्यापुढं शंका कशाला?"

हेही सुधारलं. मला वाटलं, आता सगळं ठीकठाक. (माणसाने वाटून घेऊ नये, पण घेतो.)

लग्नाच्या आठवडाभर आधी नवरदेवाच्या वडलांचा बाबांना फोन आला. फार सभ्य माणूस. आमच्यासारखे ते आधुनिक नव्हते; त्यांनी रीतसर पत्रिका छापल्या होत्या, लाल, सोनेरी, गणपतीवाल्या. ते म्हणाले, "मुहूर्त बारा वाजून पाच मिनिटांचा आहे ना? तुमच्या त्या वेबसाइटवर बारा, टिंबं आणि नुसता पाच दिसतोय. शून्य कुठे गेलं?"

बाबा मळ्यात होते, मीही. गुलाब तोडायचं काम चाललं होतं. बाबा ओरडले, "ऐकलं का रे? शून्य राहिलं! पाव्हण्यांपुढं लाज! आत्ताच्या आत्ता लाव!"

"लावतो ना! एका मिनिटाचं काम आहे!"

मी फुलांचं क्रेट पालथं घातलं, त्यावर लॅपटॉप ठेवला, आणि कामाला लागलो. यंत्राला बारा हा आकडा माहीत होता आणि पाच हा आकडा माहीत होता. आकड्यांच्या दुनियेत पाच म्हणजे पाच. तिथे कुणी त्याच्या आधी शून्य लावत नाही. पण माणसांना वेळ दोन आकड्यांत बघायची सवय. त्यासाठी त्या भाषेत एक सोय आहे. तिला सांगायचं, की मजकूर दोन अक्षरांपेक्षा कमी भरला, तर शून्य लावून दोन कर. मी सांगितलं.

कुठल्या बाजूला लाव, ते सांगितलं नाही.

न सांगितलं तर ती उजवीकडे लावते. हे माहितीच्या पानावर स्पष्ट लिहिलेलं आहे. ते पान मी आजपर्यंत इतक्या वेळा वाचलंय की तोंडपाठ झालंय. त्या दिवशी मात्र एकदाही वाचलं नव्हतं.

"झालं का?" बाबा.

"बघतो ना!" मी पान उघडलं. मेंदी साडेपाचची, ती बरोबर ५:३०. हळद पावणेदहाची, ९:४५. त्यांच्यात मिनिटांचे आकडे दोनदोनच होते, त्यांना कुणी हातच लावला नव्हता! लग्न सगळ्यांत खाली होतं. तिथपर्यंत पान सरकवायचं, तेवढ्यात आईची हाक आली, "हळकुंडं आणायला जातोस की मीच जाऊ?" मी लॅपटॉप मिटला आणि सगळ्यांना निरोप पाठवला: शून्य बसवलं आहे, कृपया नवीन पान पाहावे.

सगळ्यांनी नवीन पान पाहिलं. आमच्या सगळ्या लोकांनी. मामांनी तर चष्मा लावून पाहिलं. आमच्या घरात मात्र कुणीच पाहिलं नाही, कारण घरच्यांना मुहूर्त पाठ होता. देवाला दिलेल्या पाच पत्रिकांवरही वेळ बरोबर होती. त्यामुळे देव वेळेवर आले असावेत.

लग्नासाठी मामा आदल्या रात्रीच येऊन राहणार होते, पण मालेगावहून आख्खं वऱ्हाड दोन गाड्यांत निघायचं होतं आणि त्यांना कुणाच्या भरवशावर सोडायचं हा प्रश्न होता. म्हणून ते सकाळी सगळ्यांना घेऊन निघाले. मुहूर्ताच्या तासभर आधी पोचायचं, असा त्यांचा हिशोब. मामा स्टँडवरसुद्धा एस.टी. लागायच्या आधी उभे असणारा माणूस.

पावणेबारा वाजत आले तरी मामा दिसेनात. आई अस्वस्थ. मी फोन लावला.

"मामा, कुठे पोचलात?"

"आडगाव शे, भाचा! वेळना आधीच येस मी, चिंता करू नको!"

मागे गाडीत हसण्याचा, बांगड्यांचा आवाज. आडगाव म्हणजे आलेच की. मला हायसं वाटलं आणि मी तोंड उघडलं. नसतं उघडलं तर बरं झालं असतं.

"सावकाश या मामा!" मी म्हणालो. "गडबड करू नका! भरपूर वेळ आहे!"

भाच्याने सांगितलं म्हटल्यावर मामा सावकाश आले. द्वारकेला गाडी बाजूला घेऊन त्यांनी सगळ्या बायकांसाठी गजरे घेतले. लग्न फुलवाल्याच्या घरचं, मांडवात आमच्याच मळ्याच्या शेवंतीच्या माळा, आणि मुलीचे मामा द्वारकेला गजऱ्यांचा भाव करत उभे!

इकडे बारा वाजले. आमच्या बाजूच्या खुर्च्या रिकाम्या. नवरदेवाचे वडील हळूच विचारून गेले, "तुमची मंडळी...?"

"येतायत, येतायत," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "येतायत ना रे?"

मी पुन्हा फोन लावला. मामा उचलेनात. पुरुषोत्तमकाकांना लावला, तर काका म्हणाले, "अरे, आंघोळच करतोय! इतक्या लवकर कशाला बोलावतो?" मी वेबसाइट उघडली. पान खाली सरकवलं. अगदी खाली.

१२:५०.

शून्य होतं. छान ठसठशीत होतं. उजवीकडे होतं.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"बाबा, ते शून्य..."

"शून्याचं काय?"

"उजवीकडे गेलं."

"कोण उजवीकडे गेलं?" बाबांनी खरोखर उजवीकडे पाहिलं. तिकडे आचारी होता.

मी त्यांना मोबाइल दाखवला. बाबांनी वाचलं. मला वाटलं, आता ते मला मांडवातच धरून बडवतील. (बडवलं असतं तर सोपं गेलं असतं.) त्यांनी फक्त फेटा काढून खुर्चीवर ठेवला आणि तिथेच बसले.

गुरुजी हाका मारायला लागले, "मुलीचे मामा! मुलीला घेऊन या! वेळ झाली!"

ताई खोलीत तयार होऊन बसली होती. मी जाऊन सांगितलं. एका दमात, खाली बघून.

"मामा आल्याशिवाय मी उठणार नाही," ताई म्हणाली.

"ताई, मुहूर्त..."

"तुझी वेबसाइट काय म्हणते? बारा पन्नास ना? मग बारा पन्नासला लावा लग्न!"

आई रडायला लागली. बाहेरून गुरुजींचा आवाज आला, "मामा नसतील तर भाऊ चालतो! भाऊ आहे का?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. "दुसरं कोणीच नाही का आपल्याकडे?"

मी खोलीबाहेर डोकावलो. आमच्या बाजूला बाबा, फोटोग्राफर आणि रस्ता चुकून आलेले एक आजोबा होते, ज्यांना शेजारच्या लॉन्सवरच्या लग्नाला जायचं होतं. "नाही," मी म्हणालो.

मग ताई उठली. मी तिचा हात धरला, तिने माझ्या हाताला अशी नखं रुतवली की वळ दोन दिवस राहिले. मामांनी सगळा जन्म जे अंतर चालायचं ठरवलं होतं, ते मी मान खाली घालून चाललो. अंतरपाट धरला गेला. मंगलाष्टकं सुरू झाली. समोरून अक्षतांचा नुसता वर्षाव होत होता, आणि आमच्या बाजूने आई-बाबा दोन्ही हातांनी टाकत होते, म्हणजे जरा जास्त वाटाव्यात. ते आजोबाही मनापासून टाकत होते. "शुभमंगल सावधान" झालं, टाळ्या झाल्या, वाजंत्री वाजली.

वाजंत्री वाजत असतानाच फाटकातून दोन गाड्या आत आल्या.

पहिल्या गाडीतून मामा उतरले. पांढरे कडक कपडे, गुलाबी फेटा, एका हातात गजऱ्यांची पिशवी. त्यांनी स्टेजकडे पाहिलं. ताईच्या गळ्यात हार होता.

"लगीन लागी गयं?" त्यांनी मला विचारलं.

"लागलं, मामा."

मामांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. खिशातून मोबाइल काढून वेबसाइट पाहिली. परत घड्याळ पाहिलं. ते चिडले असते तर मी पाया पडलो असतो. पण त्यांना खरोखर कळेना. अगदी लहान मुलासारखं माझ्या तोंडाकडे बघत ते म्हणाले, "आते ते बारा पंचवीसच व्हयनात. मी ते पंचवीस मिनिटं लवकर उनू ना, भाचा?"

मामा खरंच पंचवीस मिनिटं लवकर आले होते. ताई स्टेजवरून धावत खाली आली, सगळा साज सांभाळत, आणि मामांच्या गळ्यात पडली. मामा तिच्या डोक्यावर हात फिरवत "रडू नको, रडू नको" म्हणत होते. पिशवीतले गजरे चेंगरले.

पुढचा अर्धा तास आमचे पाहुणे टप्प्याटप्प्याने येत राहिले आणि प्रत्येक जण दारातच म्हणत होता, "अरे वा, अजून सुरू नाही झालं वाटतं!" पुरुषोत्तमकाका तर नवरा-नवरीला घास भरवताना पाहून म्हणाले, "आधी जेवण? हे नवीनच काढलं की तुम्ही!"

मी मामांना गाठलं. चूक माझी, एक छोटा शब्द लिहायचा राहिला, यंत्राला डावीकडे सांगायला हवं होतं, वगैरे वगैरे बोललो. सगळं ऐकून घेतल्यावर ते हळूच म्हणाले, "माले पत्रिका दिधी असती तर, भाचा?"

इतकंच. मग मला कुठून अक्कल सुचली देव जाणे, मी म्हणालो, "मामा, फोटोग्राफर आहे अजून. फोटोपुरतं परत करू या का? तुम्ही ताईला घेऊन चाला, मी अंतरपाट धरायला सांगतो!"

मामांनी मला खालीवर न्याहाळलं. "लगीन काय प्रॅक्टिस शे का?"

आणि फेटा नीट करून ते पंगतीत जिलबी वाढायला गेले. संध्याकाळपर्यंत वाढत होते. नवरदेवाकडच्या लोकांना इतका आग्रह करत होते, की कुणाला शंकाही आली नसती. मी दुरून बघत होतो, आणि मला एकही जिलबी गेली नाही.

त्या आठवड्यात मी वेबसाइट दुरुस्त केली. आता तिथे १२:०५ अगदी बरोबर दिसतं. ती अजून सुरू आहे. कुणी येत नाही.

याला दोन वर्षं झाली. मध्यंतरी ताईला मुलगी झाली. मी मामा झालो! मग ताईचा निरोप आला, बाळाचं जावळ काढायचंय. जावळ काढताना बाळ मामाच्या मांडीवर बसतं. म्हणजे माझ्या! ताईने स्वतः फोन केला, "रविवारी दहा पन्नासला मुहूर्त आहे. वेळेवर ये हं."

"दहा पन्नास. लिहून घेतलं," मी म्हणालो. या वेळी काही चुकू द्यायचं नाही, असं मी ठरवलं होतं. नवा कुर्ता घेतला, बाळासाठी चांदीची वाटी घेतली, आणि रविवारी पंधरा मिनिटं आधी नाही, चांगला पंचवीस मिनिटं आधी ताईच्या दारात हजर झालो. जिना चढताना मला माझाच अभिमान वाटत होता.

आत बैठकीत सगळे जमले होते. मधोमध पाटावर देविदासमामा बसले होते. तोच गुलाबी फेटा. त्यांच्या मांडीवर बाळ होतं, गुळगुळीत डोक्याचं, हसणारं. समोर न्हावी वस्तरा पुसत होता.

"झालं?" मी दारातच म्हणालो.

"झायं!" मामा म्हणाले. चेहरा असा फुलला होता, की माझ्याकडे रागावायला जागाच राहिली नाही. "लवकर उना रे, भाचा! पंचवीस मिनिटं लवकर!"

मी ताईकडे वळलो. "ताई! तू मला दहा पन्नास सांगितलंस!"

"मुहूर्त दहा पाचचा होता," ताई शांतपणे म्हणाली. "शून्य उजवीकडे गेलं असेल."

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी चांदीची वाटी हातात धरून उभा. शेवटचा प्रयत्न म्हणून म्हणालो, "मामा, फोटोपुरतं तरी बाळाला माझ्या मांडीवर..." आणि सगळ्यांनी एकदम बाळाच्या डोक्याकडे पाहिलं. तिथे आता कापायला काहीच उरलं नव्हतं.

ताईने माझ्या हातातली वाटी काढून घेतली आणि केरसुणी दिली. फरशीवर बारीक बारीक केस पडले होते. कुठल्या बाजूने झाडायचं, ते कुणी सांगितलं नाही. मी मुकाट्याने डावीकडून सुरुवात केली.